उमेळ्याच्या वाटेवरचा लाल दिवा

कामण मागे पडलं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा पुन्हा पेटला. अब्बांनी तो पाहिला, आम्हीही पाहिला, आणि दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

भिवंडीहून वसईकडे जाणारा अंजूरफाटा-कामण-चिंचोटी रस्ता ज्यांनी गाडीने पार केला आहे, त्यांना त्याबद्दल काही सांगायला नको. खड्डा चुकवावा तर पुढे कंटेनर, कंटेनर टाळावा तर बाजूला त्याहून मोठा खड्डा. एका अंगाला तुंगारेश्वरचं जंगल आणि दुसऱ्या अंगाला गोदामं. अशा रस्त्यावर आम्ही 1978 सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन निघालो होतो. गाडीत चौघं: मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अब्बा, स्टेअरिंगवर आम्ही, आमच्या शेजारी सहावीतली धाकटी आणि खिडकीशी अकरावीतला थोरला. या गाडीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर असतो आणि पुढची सीट बाकासारखी अखंड असते, त्यामुळे पुढे तिघं आरामात बसतात. धाकटीला ती मधली जागा फार आवडते. तिथून सगळे काटे आणि दिवे दिसतात.

जायचं होतं उमेळ्याला. नायगाव आणि वसई रोड या दोन स्टेशनांच्या मध्ये, रुळांच्या पश्चिमेला हे गाव आहे. तिथे अब्बांचे जुने दोस्त राहतात. आम्ही त्यांना लहानपणापासून उमेळ्याचे काका म्हणतो. पावसाळ्यात काकी वारल्या. अब्बांची तेव्हा तब्येत बरी नव्हती, पुरसा द्यायला जाणं राहून गेलं. फोनवर बोलणं झालं, पण फोनवरचा पुरसा अब्बांना पुरसा वाटत नाही. बरं वाटू लागल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "उमेळ्याला जायचं. आणि याच गाडीतून जायचं."

याच गाडीतून, हा हट्ट का, ते पुढे येईल. अडचण अशी होती की सोमवारी या गाडीला घ्यायला भंगारवाला येणार होता.

तो आमच्या मोठ्या भावाने ठरवला होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती नव्याने करावी लागते. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी या नूतनीकरणाची फी दहा हजार रुपये झाली आहे. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करता येते, तसा नियम 2021 मध्ये झाला, पण त्याला गाडीचं वय पन्नासच्या वर लागतं. आमची गाडी अजून तिथवर पोचलेली नाही. भाऊ म्हणाला, "म्हातारी होऊनही पुरेशी म्हातारी नाही." तपासणीसाठी म्हणून ऑक्टोबरमध्ये तिला डेंटिंग-पेंटिंग केलं, चांगला दुधी रंग दिला, आणि तेव्हापासून तिचं दुखणं सुरू झालं. दर चार दिवसांनी बॅटरी झोपायची.

आधी बॅटरी बदलली. साडेचार हजार गेले. आठवड्याने नवी बॅटरीही झोपली. मग दुसऱ्या मिस्त्रीने डायनामो उतरवला, ब्रश बदलले, परत चढवला. दोन दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. तिसऱ्याने सांगितलं, डायनामो काढूनच टाका, मारुतीचा आल्टरनेटर बसवा. चौथ्याने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि भंगारवाल्याचा नंबर दिला. तोच हा सोमवारचा.

चिंचोटीला हायवेला लागलो. मुंबईच्या दिशेने थोडं येऊन बापाण्याहून आत वळलो, जूचंद्र, नायगाव पूर्व, मग रेल्वेवरचा पूल. पुलावरून खाली उतरताना पश्चिमेचा वारा येतो आणि त्याला मिठाचा वास असतो. दक्षिणेला वसईची खाडी, पलीकडे भाईंदर. मध्ये मिठागरांचे चौकोन आहेत, काही पांढरे, काही नुसत्या गढूळ पाण्याचे, काहींवर भराव पडलेला. पूर्वी लोकलच्या दारात उभं राहून नायगावला हीच मिठागरं दिसायची. आता त्यांच्यामागे इमारतींची रांग दिसते.

उमेळ्याच्या हद्दीत शिरताना हॉर्न दाबला तर तो कण्हल्यासारखा वाजला. पुढे गाडीने दोन आचके दिले आणि काकांच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बावखलाच्या काठावर, ती बंद पडली. ज्यांना बावखल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वसईच्या वाड्यांमध्ये शेतकऱ्यांनी खणलेली ही छोटी गोड्या पाण्याची तळी. केळी, पानवेल, भाजी आणि फुलं यांचं शिंपण त्यावर व्हायचं, पावसाचं पाणी त्यात साठून जमिनीत मुरायचं आणि समुद्राच्या इतक्या जवळ असूनही विहिरी गोड राहायच्या. वस्ती वाढली तशी पुष्कळ बावखलं बुजवली गेली. जुलै 2018 मध्ये वसईत दिवसेंदिवस पाणी तुंबून राहिलं, तेव्हा लोकांना ती आठवली.

समोर क्रिकेट खेळणारी पोरं होती. ती धावत आली, "अंकल, फियाट!" म्हणत चौघांनी मागून रेटा दिला आणि आमची स्वारी धक्क्यावर काकांच्या अंगणात दाखल झाली. काका ओटीवर उभे होते. अब्बा दार उघडून उतरले. दोघं काही बोलले नाहीत. काकांनी अब्बांचा हात धरला आणि तो सोडलाच नाही, तसेच आत गेले.

आता या दोघांची ओळख सांगायला हवी.

दोघंही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कामगार. वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी 1944 मध्ये काढली. फियाट 1100 ची निरनिराळी रूपं पन्नाशीच्या दशकापासून तिथे बनत. सत्तरीच्या दशकात त्याच गाडीला राणी पद्मिनीचं नाव मिळालं आणि पुढे ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोचली. इंजिन 1089 सीसीचं. अब्बा बॉडीवर दारं बसवायचे, काका वायरिंग ओढायचे. काका कधीच फोरमन झाले नाहीत, पण बोलण्याचा रुबाब तसा, म्हणून अब्बा त्यांना आजही 'फोरमन' म्हणतात. काका पहाटे वसई रोडहून गाडी पकडायचे, दादरला बदलायचे आणि कुर्ल्याला उतरायचे. दुसरी पाळी उशिरा सुटली की शेवटची लोकल चुकायची, मग ते आमच्या कुर्ल्याच्या खोलीत झोपायचे. डॉ. दत्ता सामंतांच्या युनियनचे दिवस, संप, गेटवरच्या सभा, रात्री उशिरापर्यंत चालणारे त्यांचे वाद, हे सगळं आम्ही चादरीत डोकं घालून ऐकलं आहे.

ही गाडी अब्बांनी 1984 मध्ये सेकंडहँड घेतली. तेव्हा नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि पैसाही कुठे होता? त्यांचं म्हणणं असं की हिची दारं त्यांनीच बसवलेली आहेत. हजारो गाड्यांतून ही कशी ओळखलीत, असं विचारलं की म्हणायचे, "दार लावून बघ, आवाज ऐक."

आणि जानेवारी 1993. त्या महिन्यात मुंबईत काय झालं ते इथे सांगायची गरज नाही. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. कुर्ल्याच्या खोलीत दिवा न लावता बसलेलो असताना दारावर थाप पडली. अम्मीने आम्हाला पोटाशी ओढलं. बाहेरून आवाज आला, "फोरमन आहे, दार उघडा." काका उमेळ्याहून आले होते. लोकल कशी मिळाली, दादरहून कसे आले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हा सगळ्यांना या गाडीत बसवलं. अब्बा चालवत होते, काका पुढे बसले. निघण्याआधी त्यांनी गळ्यातली जपमाळ काढून समोरच्या आरशाला अडकवली. वेस्टर्न हायवेने, वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून, वसई फाट्याने आम्ही पहाटे उमेळ्यात पोचलो.

पंधरा दिवस राहिलो. त्या पंधरा दिवसांत काकींच्या घरात फक्त मासळी शिजली. कोंबडी नाही, मटण नाही, काही नाही. ख्रिस्ती घर, नाताळ नुकताच सरलेला, पाहुणे येत-जात होते. त्यांनाही बोंबील, मांदेली, कोळंबी, जे मिळेल ते. अम्मीला एकदाही विचारावं लागलं नाही की हे आपल्याला चालेल का. ही गोष्ट आमच्या लक्षात मोठेपणी आली.

तर याच गाडीतून जायचं, या हट्टामागे हे होतं.

ओटीवर बसल्यावर काकींबद्दल बोलणं झालं. फार नाही. काका म्हणाले, शेवटी शेवटी त्या कुणाला ओळखत नव्हत्या, पण अम्मीचं नाव काढलं की मान हलवायच्या. आमच्या अम्मीला जाऊन सहा वर्षं झाली. अब्बांनी हात उचलून दुआ केली, काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. आतून सुनेने चहा आणि सुकेळी आणली. वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली ही सुकेळी पूर्वी घरोघरी व्हायची, आता करणारी घरं थोडी उरली आहेत. धाकटीने पहिल्यांदाच खाल्ली आणि ताटली आपल्याकडे ओढून घेतली.

जोहरची वेळ झाली. आम्ही मोबाइल काढून किबला बघायला लागलो तर काका बसल्या जागेवरून म्हणाले, "मोबाइल कशाला? त्या दोन माडांच्या मधे तोंड करायचं. तुझी आई तिथेच उभी राहायची."

नमाज होऊन आलो तेव्हा काका अंगणात गाडीभोवती फिरत होते. वय ऐंशीच्या पुढे, हाताला कंप, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला.

"काय होतंय हिला?"

आम्ही सगळी कर्मकथा सांगितली. बॅटरी, ब्रश, आल्टरनेटरचा सल्ला, भंगारवाला. भंगारवाल्याचं नाव निघताच अब्बांनी दुसरीकडे पाहिलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "रेस दिली की लाल दिवा मंद होतो की तेज?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. थोरल्याकडेही नव्हतं. दोन महिने तो दिवा आम्ही बघत होतो, पण पेटला की विझला एवढंच बघत होतो. आणि चार मिस्त्र्यांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं.

धाकटी सुकेळी चघळत म्हणाली, "मला माहीत आहे. गाडी उभी असते तेव्हा लाल असतो. हळू चालते तेव्हा अगदी बारीक होतो. आणि हायवेवर जोरात गेलो की पुन्हा लाल होतो, पहिल्यापेक्षा जास्त."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग अब्बांना म्हणाले, "भाई, ही नात माझ्या डिपार्टमेंटला पाहिजे होती."

मग त्यांनी ओटीच्या पायरीवर बसून समजावलं, आणि ते इतकं सोपं होतं की आम्ही इथे जसंच्या तसं देतो. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विद्युतधारा नव्हे, तरी समजलं.

बॅटरी म्हणजे पाण्याचा हंडा. डायनामो म्हणजे तो भरणारा पंप. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवतं. दोघांच्या मध्ये एक डबा असतो, त्याला मिस्त्री लोक कटआउट म्हणतात. त्या डब्यात दोन कामं चालतात. एक दार आहे: पंपाचा दाब हंड्यापेक्षा वाढला की ते उघडतं आणि वीज बॅटरीत जाते, दाब कमी झाला की मिटतं, नाहीतर बॅटरीच उलटी डायनामोत रिकामी होईल. दुसरा आहे चौकीदार: दाब फार वाढू लागला की तो डायनामोला आवरतो. आणि लाल दिवा? तो बॅटरी आणि डायनामो यांच्या मध्ये टांगलेला असतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की त्यातून वीज वाहत नाही, तो विझतो. फरक पडला की पेटतो, मग जास्त कुणाचाही असो.

"आता बघा," काका म्हणाले, "डायनामो मेला असता तर दिवा सारखा एकाच तेजाने पेटला असता, रेस देऊन काही फरक नाही. पट्टा ढिला असता तर ओरडला असता. इथे दिवा आधी मंद होतो, म्हणजे डायनामो बॅटरीच्या बरोबरीला आला. मग पुन्हा तेज होतो, म्हणजे तो पुढे गेला. जिवंत आहे. नको तितका जिवंत आहे. पण दार उघडत नाही आणि चौकीदार झोपलाय. एकाच डब्यातले दोघं एकदम कामावर आले नाहीत, तर मास्तर, तुम्ही काय समजाल?"

"संप?" अब्बा म्हणाले. दोघं हसले. आमच्या आठवणीत त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

"त्यांचा पगार बंद झाला," काका म्हणाले. "दोघांच्या कॉइलला एकच अर्थ असतो. हिच्या डब्याला अर्थची वेगळी तार नाही. डबा बॉडीला ज्या स्क्रूंनी कसलाय, तेच त्याचं अर्थ. रंग कधी दिला म्हणालात?"

ऑक्टोबरमध्ये. रंग देताना डबा उतरवला होता. खालचा पत्रा घासून, पुटी भरून, त्यावर तीन हात रंग. आणि त्या चकचकीत रंगावर डबा पुन्हा कसला. रंगातून वीज जात नाही. एखाद्या स्क्रूच्या आट्याने पत्रा जरासा पकडला असेल तेवढ्यावर गाडी कधी चालायची, कधी नाही. कामणच्या रस्त्याने तेवढंही सोडवलं.

आम्हाला पटलं, पण काकांनाच पटलेलं पुरत नव्हतं. "अंदाज म्हणजे अंदाज. मोजा." थोरल्याच्या सॅकमध्ये त्याच्या फिजिक्सच्या प्रोजेक्टचा मल्टिमीटर होता. पण मोजायला इंजिन चालू हवं आणि बॅटरी तर पार उतरलेली. शेजारी मंडपवाले राहतात, त्यांच्याकडे चार्जर होता. बॅटरी काढून त्यांच्याकडे लावली आणि तोवर जेवायला बसलो. सुनेने पापलेटचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. एवढंच. अब्बांनी ताटाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा 1993 उलटून बरीच वर्षं झाली होती.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईंनी," ती म्हणाली. "तुम्ही येणार असलात की मासळीच, असं सांगून ठेवलं होतं."

अब्बा खाली मान घालून जेवले.

साडेतीनला बॅटरी परत बसवली. इंजिन बंद असताना मीटरवर 12.4. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, तर एवढं ठीक होतं. गाडी सुरू केली, जराशी रेस दिली. चार्जिंग होत असेल तर आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. तो 12.2 वर आला आणि हेडलाइट लावल्यावर आणखी खाली सरकू लागला. मग काकांनी सांगितलं, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी डब्याच्या पत्र्याला लाव. दोन्ही अर्थच, तेव्हा मध्ये शून्य दिसायला हवं. मीटर आठ-नऊच्या आसपास नाचत होता. थोरल्याला वाटलं मीटर बिघडला.

"मीटर बरोबर आहे," काका म्हणाले.

त्यांनी आतून एक जुनी तार आणवली, टेबल लॅम्पची असावी. तिची टोकं स्वतः सोलायला गेले, पण हात साथ देईनात. अब्बांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दातांनी सोलली. डॉक्टरांनी बसवून दिलेल्या दातांनी. एक टोक निगेटिव्हला गुंडाळलं, दुसरं थोरल्याने डब्याच्या पत्र्याला टेकवलं.

डब्यातून 'टक्' असा आवाज आला. धाकटी आतून ओरडली, "विझला!"

मीटरवर 14.1.

थोरल्याने तार उचलली, दिवा पेटला. टेकवली, विझला. त्याने ते चार वेळा केलं, शेवटी काका ओरडले की पुरे, ठिणग्या पाडू नकोस.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडली, डबा उतरवला, त्याच्या खालचा आणि स्क्रूच्या भोकांभोवतीचा नवा दुधी रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. खाली रंगाच्या कडेने गंज धरू लागला होता. दातेरी वायसर घालून डबा कसला. अब्बांना स्वतःच्या गाडीचा रंग खरवडताना बघवेना, ते आत जाऊन बसले. घासलेल्या जागेवर काकांनी व्हॅसलीन चोपडायला लावलं, खाडीच्या वाऱ्यात उघडा पत्रा टिकत नाही. आणि खात्रीसाठी ती टेबल लॅम्पची तार डब्याच्या स्क्रूपासून बॉडीवरच्या दुसऱ्या बोल्टपर्यंत कायमची जोडून दिली. "भिवंडीला गेल्यावर जाड तार टाका," असं बजावलं.

खर्च: दोन वायसर आणि पॉलिश पेपर, मिळून तीस रुपये.

त्या चार मिस्त्र्यांवर आमचा राग नाही. बॅटरी विकणाऱ्याला बॅटरी दिसली, डायनामो उघडणाऱ्याला डायनामो. डायनामोवर हात बसलेली माणसंच आता कमी आहेत. पद्मिनी बनणं 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही काळी-पिवळी पद्मिनी राहिली नाही. त्या दिवशी लोकांनी फोटो काढले. सामान अजूनही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं तर मिळतं. पण रेस देऊन दिव्याकडे बघायला सांगणारा कुठे शोधायचा? आणि आपलं तरी काय, पोरगा नापास झाला की आम्ही मास्तर मंडळीही पहिल्यांदा नवी गाइड आणायला सांगतो.

असरनंतर निघालो. काकांनी गाडीचं मागचं दार स्वतः लावलं आणि कान देऊन ऐकलं. "बरोबर बसवलंयस," अब्बांना म्हणाले. अब्बांनी काचेतून हात बाहेर काढला. "येतो, फोरमन. ईदला तुम्ही यायचं." "यायचं म्हणजे, गाडी पाठव," काका म्हणाले.

पुलावर चढलो तेव्हा मागे मिठागरांच्या पाण्यात सूर्य उतरत होता. हेडलाइट लावले. कित्येक दिवसांनी ते पांढरे होते, पिवळे नव्हते. मोठ्या भावाचा फोन आला, सोमवारी किती वाजता येऊ म्हणून भंगारवाला विचारतोय. आम्ही अब्बांकडे आरशातून पाहिलं. ते म्हणाले, "सांग त्याला, सोमवारी गाडी घरी नाही. फिटनेसला चाललीय." भाऊ थोडा वेळ गप्प राहिला, मग दहा हजार कोण भरणार विचारलं. तो वाद अजून मिटलेला नाही. आम्ही निम्मे कबूल केले आहेत.

चिंचोटीला सिग्नलपाशी रांगेत थांबलो आणि लाल दिवा पुन्हा मिणमिणला. थोरला दचकला, "अब्बू, पुन्हा!"

मागून अब्बा म्हणाले, "उभी आहे ना, डायनामो हळू फिरतोय. हिला एवढं चालतं. जरा रेस दे."

रेस दिली. विझला.